साडेपाच तास

बस. आधी तो लॅपटॉप मिट. तुम्हा मुलांना स्क्रीन पुढे करून बोलायची सवय लागली आहे. मी काल रात्री ग्रंथालयाच्या साइटवर तीन तास बसले होते. मला काय दिसलं ते मी सांगते आणि तू ऐकतोस. मध्येच ‘पण मॅडम’ नको.

ग्रंथपाल काकांची तक्रार काय होती? एका ओळीची. चाळीस मराठी ब्लॉग आणि नियतकालिकांचं नवं लिखाण त्यांच्या फीडमधून, म्हणजे नव्या लेखांच्या यादीतून, ग्रंथालयाच्या पानावर आपोआप गोळा होतं, ते उशिरा यायला लागलं. सकाळचा लेख दुपारी दिसतो. एवढंच. त्यावर तू सहा दिवस घातलेस. सहा दिवसांनी अकरा साइट्सनी आपल्याला दार लावून घेतलं, काही लेख तीनतीनदा दिसू लागले, काही दिसायचेच बंद झाले आणि परवा हे लेख गोळा करणाऱ्या वर्डप्रेसच्या प्लगिनचं अपडेट आलं त्यात तू प्लगिनमध्ये केलेलं सगळं काम पुसलं गेलं. मग तू मला काय लिहितोस? ‘अपडेटने वाट लावली, मॅडम.’

अपडेटने तुझं दुखणं बरं केलं आहे. काकांना काल दुपारी विचारलं, लेख वेळेवर येतायत म्हणाले. तुला हे माहीत तरी आहे का? नाही, कारण तू साइट उघडून पाहिलीच नाहीस. तू आपला कोड गेला म्हणून रडत बसलास.

आता पहिल्यापासून घेऊ. ‘दुपारी’ म्हणजे किती वाजता, हे काकांना विचारलंस? मी विचारलं. फोनवर दोन मिनिटं लागली. दहाचा लेख साडेतीनला. साडेअकराचा पाचला. रात्री आठला टाकलेला दीडला, म्हणजे वाचकाला थेट सकाळी. काकांनी डायरीत लिहून ठेवलं आहे. ‘त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही’ असं तू म्हणाला होतास ना? वजाबाकी करून बघ. प्रत्येक वेळी साडेपाच तास. अरे, भारतात राहणाऱ्या माणसाला बिघाडात साडेपाच हा आकडा दिसला तर त्याने बाकी सगळं बाजूला ठेवून आधी घड्याळाकडे बघायचं. ग्रीनिचची वेळ आणि आपली वेळ यांत तेवढंच अंतर आहे, हे शाळेच्या भूगोलात शिकवतात.

तू घड्याळाकडे बघितलं नाहीस. तू कुठेतरी वाचलंस की वर्डप्रेसचं फीड आणणारं फंक्शन एकदा आणलेली फीड बारा तास कॅशेत ठेवतं. ४३,२०० सेकंद. माहिती खरी आहे. पण कॅशेमुळे होणारा उशीर कसा असतो? कॅशे नुकतीच भरली असेल तर बारा तास, संपत आली असेल तर पाच मिनिटं. एसटी चुकली की माणूस स्टँडवर थांबतो. कुणी दहा मिनिटं थांबतो, कुणी दीड तास. स्टँडवरचा प्रत्येक माणूस बरोब्बर साडेपाच तास थांबला, असं कधी ऐकलं आहेस? उशीर कमीजास्त होतो की घड्याळ लावून होतो, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला असतास तर कॅशेवरचा आळ तिथेच उडाला असता.

पण तुला कारण शोधायचं नव्हतं. तुला काहीतरी करायचं होतं. कीबोर्डवर बोटं चालू असली की काम चालू आहे असं तुला वाटतं.

म्हणून कॅशे बारा तासांवरून साठ सेकंदांवर आणलीस. तीही सरसकट. ती मुदत बदलायला वर्डप्रेसमध्ये फिल्टर आहे आणि त्या फिल्टरला फीडचा पत्ताही मिळतो. म्हणजे एखाद्याच फीडची मुदत कमी करायची असेल तर तेवढ्यापुरती करता येते. तू मात्र प्लगिनच्या फाइलमध्ये घुसून आकडा खोडलास आणि नवा लिहिलास. फरक पडला नाही. पडणारच नव्हता. मग क्रॉन आठवला.

वर्डप्रेसचा क्रॉन म्हणजे काय, हे मी दुसऱ्या वर्षाला फळ्यावर लिहून दिलं होतं. त्याला स्वतःचं घड्याळ नाही. कुणीतरी साइटवर यावं लागतं, की हा जागा होतो आणि ‘काही काम बाकी आहे का’ म्हणून बघतो. रात्रभर कुणी फिरकलं नाही तर रात्रभर झोपतो. पुढे पेज कॅशे बसवलेली असेल तर वाचक आला तरी याला पत्ता लागत नाही, कारण तयार पान परस्पर निघून जातं. त्यावरचा उपाय सर्व्हरच्या खऱ्या क्रॉनला सांगणं आणि वर्डप्रेसचा स्वतःचा उपद्व्याप सेटिंगच्या फाइलमध्ये एका ओळीने बंद करणं. ते तू केलंस. त्याबद्दल पाठ थोपटली असती. पण दर मिनिटाला? पंधरा मिनिटं पुरत नव्हती? ग्रंथालयाचे वाचक काय शेअर बाजार बघतात?

कर हिशेब. चाळीस फीड, दिवसाची १,४४० मिनिटं. ५७,६०० फेऱ्या. या चाळिसांत कोण आहे? कुणी निवृत्त शिक्षक स्वतःच्या पेन्शनमधून होस्टिंगचे पैसे भरतो. कुणी दोन मैत्रिणी मिळून पुस्तकांवर लिहितात, पंधरा दिवसांत एक लेख. त्यांच्या दारात तू दिवसाला १,४४० वेळा जाऊन विचारतोस, काही नवं आहे का, काही नवं आहे का. एचटीटीपीमध्ये यासाठी साधी सभ्य सोय आहे. मागच्या वेळी सर्व्हरने दिलेली खूण, ईटॅग म्हण किंवा शेवटच्या बदलाची तारीख म्हण, आपण परत दाखवायची. काही बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ म्हणून मोकळा होतो, मजकूर पाठवतच नाही. पण मागचं सांभाळून ठेवलं तर ती खूण हाताशी राहणार. तू कॅशेच दर मिनिटाला फेकतोस.

मग व्हायचं ते झालं. आधी ४२९ यायला लागलं. ४२९ म्हणजे ‘फार वेळा विचारतोयस, थांब’. किती थांबायचं तेही पुष्कळदा उत्तरातच लिहिलेलं असतं. तू थांबला नाहीस. मग ४०३ आलं, म्हणजे दारच बंद. आणि तेव्हा तू काय केलंस ते मी काल कोडमध्ये पाहिलं आणि मला खरंच लाज वाटली. आपण कोण आहोत हे सांगणारी जी ओळ आपलं सॉफ्टवेअर प्रत्येक विनंतीबरोबर पाठवतं, यूजर एजंट, ती बदलून तू तिथे क्रोम ब्राउझर असल्याचं लिहिलंस. म्हणजे हाकलून दिलं म्हणून मिशा लावून परत गेलास. ग्रंथालयाच्या नावावर. चुका सगळेच करतात, त्याबद्दल मी तुला ओरडले असते आणि सोडून दिलं असतं. ही चूक नव्हे. त्या माणसाने ‘नको’ म्हटलेलं तुला ऐकू आलं होतं.

पाणी पी. अजून संपलेलं नाही.

त्याच आठवड्यात एका ब्लॉगवाल्याने साइट एचटीटीपीएसवर नेली. नेताना त्याने अख्ख्या डेटाबेसमध्ये जुना पत्ता शोधून नवा टाकला. त्यात लेखांची गाइडही बदलली, जी बदलायची नसतात. फीडमधल्या प्रत्येक लेखाला एक ओळखक्रमांक असतो. आरएसएसमध्ये त्याला गाइड म्हणतात. ॲटममध्ये आयडी म्हणतात आणि तो तिथे सक्तीचा आहे. (आरएसएस म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकते, मला माहीत आहे. ते वेगळं.) ओळखक्रमांक बदलला की वाचणाऱ्या यंत्राला जुना लेख नवाच वाटतो. वर्डप्रेसची फीड सवयीने शेवटचे दहा लेख देते, म्हणून त्या माणसाचे बरोब्बर दहा लेख आपल्याकडे दुबार आले. दहा. दहाच का, असा प्रश्न पडला नाही तुला?

नाही पडला. तू ठरवलंस की ओळखक्रमांक कुचकामी आहे, लेख मथळ्यावरून ओळखू. मथळ्यावरून! अरे, मराठी नियतकालिकांच्या साइट्स आहेत या. प्रत्येकाकडे एक ‘संपादकीय’ असतं, एक ‘मनोगत’ असतं. पहिलं संपादकीय आत आलं आणि त्यानंतर आलेलं प्रत्येक ‘दुबार’ ठरून बाहेर राहिलं. चार नियतकालिकांची संपादकीयं ग्रंथालयाच्या पानावरून गायब होती आणि तुझ्या हिशेबी दुबार लेखांचा प्रश्न सुटला होता.

आणि सुटलाही नव्हता. ‘दुसऱ्या’ हा शब्द घे. यातला र लिहायच्या दोन तऱ्हा आहेत. कुणाचा कीबोर्ड टिंबवाला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतो. कुणाचा साधा र घेतो, पाय मोडतो आणि वर एक न दिसणारी जोडखूण घालतो. डोळ्यांना दोन्ही सारखे. बाइट्स वेगळे. युनिकोडचं नॉर्मलायझेशन लावलंस तरी ते एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या लेखी ते एकच नाहीतच. कुणी मथळा दुरुस्त करून पुन्हा टाकला, या वेळी दुसऱ्या कीबोर्डवरून, की आला तुझ्याकडे तिसरा लेख. मराठीसाठी प्लगिन बदलतोस आणि मराठी कशी साठवली जाते हे बघत नाहीस?

त्यानंतर तू पत्त्याच्या शेपटावरून, स्लगवरून, ओळखायचा प्रयत्न केलास. तेही वाचलं मी. स्लग २०० चिन्हांवर कापला जातो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह धरून तीन अक्षरांनी लिहितात. एका चिन्हाला नऊ. दोनशेला नऊने भाग. बावीस. मात्रा, वेलांट्या आणि पाय मोडल्याच्या खुणा धरून बावीस. ‘महाराष्ट्रातील ग्रंथालय’ एवढ्यातच संपली, आणि पुढे ‘चळवळ’ होतं की ‘कायदा’ होता याचा त्या स्लगला पत्ता नाही. मग वर्डप्रेस शेवटी दोन, तीन असे आकडे जोडत बसतो.

सारांश दीडशेवर कापायला तू जे फंक्शन वापरलंस तेही बाइट मोजतं. दीडशे बाइट म्हणजे जेमतेम पन्नास चिन्हं, आणि मजकुरात स्पेस, स्वल्पविराम, इंग्रजी आकडे आले की कात्री चिन्हाच्या मधोमध चालणार. म्हणून सारांशाच्या शेवटी चौकटीत प्रश्नचिन्ह येत होतं. काका म्हणाले, ‘मॅडम, लेखाच्या शेवटी पतंग येतो.’ चिन्हं मोजणारं फंक्शन घेतलंस तरी जोडाक्षर तुटेल, ‘क्ष’ तीन चिन्हांचा आहे. शब्दांवर कापायचं फंक्शन वर्डप्रेसमध्ये तयार आहे. ते वापरायचं.

आता घड्याळ.

तुला वाटतं मी साडेपाच तासांचं विसरले. अपडेटच्या आदल्या रात्रीचा बॅकअप मी माझ्या मशीनवर उभा केला. पोस्ट्सची यादी उघडली. वरच्या ओळीत काय लिहिलं होतं? ‘शेड्यूल्ड’, आणि कंसात चौदा. चौदा लेख साइटवर येऊन बसले होते, वेळेवर आले होते, आणि भविष्यातली तारीख घेऊन आपली पाळी यायची वाट बघत होते. तू सहा दिवस चाळीस दारं ठोठावत होतास, आणि लेख तुझ्याच घरात माजघरात बसलेले. एक टॅब. तो टॅब तू एकदाही दाबला नाहीस.

तारीख भविष्यातली का? मी जुनी फाइल आणि प्लगिनची मूळ फाइल शेजारी ठेवून फरक काढला. एक ओळ सापडली. फीडमधून आलेल्या वेळेत १९,८०० मिळवलेले. साडेपाच तासांचे सेकंद. त्यावर ना टिप्पणी, ना तारीख, ना कारण. कुणी लिहिली असेल? जूनमध्ये काका म्हणाले होते की लेखाखाली दहाच्या जागी साडेचार दिसतात. तेव्हा तू म्हणालास, ‘केलं ठीक, मॅडम.’ असं केलंस ठीक.

साइटचा टाइमझोन यूटीसी, म्हणजे ग्रीनिचचा होता. फीडमध्ये वेळ अगदी नीट आली होती, दहा वाजता, पुढे अधिक शून्य पाच तीस. प्लगिनने ती नीट यूटीसीत साडेचार केली. तुला करायचं होतं काय, तर सेटिंग्जमध्ये जाऊन यादीतून कोलकाता निवडायचं. तू त्याऐवजी साडेचारात साडेपाच मिळवून दहा केलेस. दिसायला बरोबर! दहाचा लेख, खाली दहा लिहिलेलं. पण साइटच्या घड्याळात तेव्हा साडेचारच वाजले होते, म्हणून वर्डप्रेसने म्हटलं, हा दहाचा लेख, दहा वाजू देत. यूटीसीचे दहा म्हणजे आपले साडेतीन. परवाच्या अपडेटने तुझी ती ओळ पुसली आणि लेख वेळेवर यायला लागले. आता वेळ पुन्हा साडेचार दिसते आहे. टाइमझोन मी काल मुद्दाम बदललेला नाही. तो तू बदलायचा आहेस.

दुसऱ्याच्या प्लगिनच्या फाइलमध्ये लिहायचं नाही, हे मी किती वेळा सांगितलं? भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडून कपाट बसवलंस, मालकाने भिंत रंगवताना बुजवलं, आता त्याच्या नावाने ओरडतोस. आपलं वेगळं छोटं प्लगिन करायचं. एक फोल्डर, एक फाइल, वर नावाची टिप्पणी. मूळ प्लगिनने जिथे हूक ठेवले आहेत तिथे आपलं फंक्शन अडकवायचं. त्याने हूक ठेवला नसेल तर वर्डप्रेसचे स्वतःचे आहेत. फीड वाचायच्या आधी तिचं ऑब्जेक्ट हातात देणारा आहे, पोस्ट डेटाबेसात जायच्या आधी थांबवणारा आहे. तिथेही जमत नसेल तर मूळ लेखकाला लिही, हूक मागून घे, जमलं तर स्वतः लिहून पाठव. स्रोताचं नाव आणि मूळ लेखाची लिंक वर दाखवायची, जिल्ह्याप्रमाणे वर्गवारी करायची, या काकांच्या दोन्ही मागण्या एवढ्यात बसतात. मूळ फाइलला बोटही लागत नाही.

व्हिडिओ दिसत नाहीत म्हणून तू मजकुरातली सगळी गाळणी काढून टाकली होतीस, तेही गेलं ते बरं झालं. चाळीस ठिकाणचं एचटीएमएल न गाळता आत घेणं म्हणजे चाळीस अनोळखी माणसांना घराची किल्ली देणं. आणि चुका पाहायच्या म्हणून डीबग चालू केलंस, पण पडद्यावर. इशारे वाचकांना दिसले ते दिसलेच, वर आपल्या ग्रंथालयाची स्वतःची फीड मोडली. एक्सएमएलच्या घोषणेआधी एक रिकामी जागासुद्धा चालत नाही, तिथे तू चार ओळींची पीएचपीची कुरकुर छापलीस. लॉग फाइलमध्ये लिहायला सांगता येतं. मग ती फाइल वाचायचीही असते.

आरएसएसची पहिली आवृत्ती मार्च १९९९ मध्ये नेटस्केपमध्ये झाली, तुझ्या जन्माच्या आधी. ती करणाऱ्यांत रामनाथन गुहा होते, मद्रासच्या आयआयटीत शिकलेले. डिसेंबर २००० मध्ये आरएसएस १.० ठरवणाऱ्या गटात ॲरन स्वॉर्ट्झ होता, तेव्हा त्याचं वय १४. तू २१ वर्षांचा आहेस आणि आरएसएस २.० चा तपशील, जो एका बैठकीत वाचून होतो, तू उघडलेला नाहीस. मी विचारलं तेव्हा म्हणालास, ‘व्हिडिओ बघितला होता.’

दिवाळी दोन महिन्यांवर आली. यातली निम्मी नियतकालिकं आपला दिवाळी अंक एका दिवसात साइटवर चढवतात, पंचवीस-तीस लेख. फीडमध्ये मावतात दहा. आपण दोन फेऱ्यांच्या मध्ये असताना तीस लेख आले तर वीस आपल्याला कधीच दिसणार नाहीत. फीड म्हणजे संग्रह नव्हे, ती खिडकी आहे. वर्डप्रेसच्या फीडला दुसरं, तिसरं पान मागता येतं. त्याचं काय करायचं ते तू ठरव, आणि पुढच्या सोमवारी मला कोड दाखवायच्या आधी कागदावर दाखव.

सर्व्हरवरचा दर मिनिटाचा क्रॉन मी रात्री बंद केला आहे. पंधरा मिनिटांचा तू लाव. यूजर एजंटमध्ये ग्रंथालयाचं नाव आणि संपर्काचा पत्ता घाल. त्या अकरा जणांना एकेक मेल लिही. स्वतःच्या नावाने, मराठीत, काय केलं होतंस ते सरळ सांगून. ‘तांत्रिक अडचणीमुळे’ हे शब्द त्यात दिसले तर मी परत लिहायला लावीन. त्यांनी दार उघडलं तर ठीक. नाही उघडलं तर त्यांचं नाव यादीतून काढायचं.

आणि हे सगळं करायच्या आधी ग्रंथालयात जाऊन काकांची डायरी बघून ये. ते साडेपाचपर्यंत असतात.